नंबराची रिकामी जागा

शामसुंदरच्या छापखान्यात डॉक्टरांचं पॅड छापायला आलं, की त्याचा नमुना आधी त्याच्या बायकोच्या, भानुमतीच्या, हातात जायचा. नाव, पदव्या, दवाखान्याच्या वेळा, रविवारी बंद, एवढं सगळं ती नजरेखालून घालायची. पण तिचं बोट थांबायचं ते नावाखालच्या बारीक ओळीवर. तिथे नोंदणी क्रमांक असायचा. तो ती डॉक्टरांनी आणलेल्या प्रमाणपत्राच्या झेरॉक्सशी आकडा आकडा जुळवून बघायची. झेरॉक्स नसली तर पॅड नाही.

"अहो ताई, तीस वर्षं दवाखाना चालवतोय मी," असं एक कातडीचे डॉक्टर एकदा चिडून म्हणाले होते.

"मग तीस वर्षं नंबर असेलच की, डॉक्टर. फोनवर फोटो तरी दाखवा."

शामसुंदर शाईचे हात पुसत मागे उभा राहून हसायचा. "नंबर बघितल्याशिवाय ही देवाला पण नमस्कार करत नाही," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. मैसूरच्या शिवरामपेटेतली ती अरुंद जागा त्याच्या वडिलांची. भावसारांचं घर, त्याचे पणजोबा कापड रंगवत, लाकडी ठशांनी पदर छापत. रंगाच्या कढया गेल्या, ठसे गेले, देव्हाऱ्यात दोन उरले. आता जाळीच्या स्क्रीनवर लग्नपत्रिका, कापडी पिशव्या आणि डॉक्टरांची पॅडं छापून घर चालत होतं. घर कुवेंपुनगरात, वर एक खोली काढलेली.

भानुमतीचा हा नंबराचा ध्यास माहेरून आलेला होता.

तिचं माहेर पिरियापट्टणचं. वडील, वेंकटरमण, तिथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे कंपाउंडर. डॉक्टर वारले तेव्हा भानुमती आठवीत होती. दवाखाना बंद व्हायला हवा होता, पण लोक यायचे थांबले नाहीत. तंबाखूची ओली पानं खुडून बायका ओकत यायच्या, भट्टीच्या धुराने छाती भरलेली माणसं यायची, विंचू चावलेली पोरं यायची. वेंकटरमण त्यांना औषध द्यायचे. जास्त असलं की हुणसूरच्या नाहीतर मैसूरच्या बसमध्ये बसवून द्यायचे, आणि कंडक्टरला सांगायचे, "ह्यांना दवाखान्याच्या दारात उतरव, रे." लोक त्यांनाच डॉक्टर म्हणू लागले. बाहेर पाटी मात्र जुन्याच डॉक्टरांची. नाव, पदवी, खाली पांढऱ्या रंगात नंबर. दर शुक्रवारी वेंकटरमण ती ओल्या फडक्याने पुसायचे.

भानुमती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा एक दिवस जीप आली. आलेले अधिकारी सभ्य होते. त्यांनी पाटीवरचा नंबर लिहून घेतला आणि विचारलं, "ह्या नंबराचा माणूस कुठे आहे?"

वेंकटरमणांनी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट दाखवलं.

शटरला सील लागलं. पाटी जीपमध्ये गेली. वेंकटरमण पुढे अकरा वर्षं जगले, पण त्यांनी कुणाला क्रोसिनची गोळीसुद्धा दिली नाही. बायकोचं डोकं दुखलं तरी म्हणायचे, "दुकानात विचार. मी डॉक्टर नाही." ज्या बायका त्यांच्या पाया पडायच्या त्याच रस्त्यात दिसल्या तर ते पलीकडच्या बाजूने जायचे.

त्या काळात एकदाच ते मुलीशी ह्या विषयावर बोलले होते. डॉक्टरांनी त्यांना फार वर्षांपूर्वी समजावलेलं त्यांनी तिला समजावलं. पूर्वी कुणीही पाटी लावायचा. मग इंग्रजांच्या काळात डॉक्टरांची कौन्सिल झाली, छप्पन साली नवा कायदा झाला, आणि साऱ्या देशाची मिळून एक नोंदवही ठरली. "त्या वहीत नाव असलं तर तू डॉक्टर," ते म्हणाले. "नसलं तर हजार माणसं वाचव, तू कुणी नाहीस. आणि ते बरोबरच आहे, भानू. मी चार जणांना चुकीचं औषध दिलं असेल तर कुणाला कळणार होतं?"

ते बरोबरच आहे, हे म्हणताना त्यांचा आवाज कसा झाला होता, ते भानुमतीने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. तिला मुलगी झाली, मेघाश्री, आणि ती सहा वर्षांची असताना बाहुलीच्या पोटाला कान लावून बसली, तेव्हाच भानुमतीने मनाशी ठरवून टाकलं. आपल्या घरात एक नंबर येणार, आणि तो कुणाला जीपमध्ये घालून नेता येणार नाही.

मेघाश्रीला प्रवेशपरीक्षेत गुण बरे पडले, पण सरकारी जागेला पुरे पडले नाहीत. खासगी कॉलेजचं नाव काढायची सोय नव्हती. तेव्हा दोन हजार अठरा साली सप्टेंबरात ती डॉक्टरी शिकायला किर्गिझस्तानला गेली, तिच्याबरोबर सरस्वतीपुरमची वर्षिणी. बेंगळुरूच्या एजंटाने मैसूर भागातल्या बारा मुलांचा एक गट केला होता. परदेशातून शिकून येणाऱ्यांना इथे एक चाळणी-परीक्षा द्यावी लागते, ती पास झाली की मग कौन्सिलची नोंदणी, हे सगळं भानुमतीने आधी वाचून ठेवलं होतं. कौन्सिलची पत्रकं ती फोनवर उघडून वाचायची, लोक पंचांग वाचतात तशी. आणि मुलगी विमानात बसून महिना झाला नाही तोच बातमी आली, की कौन्सिलच बरखास्त. कारभार एका मंडळाकडे. पुढे दोन वर्षांनी कौन्सिल कायमची गेली आणि तिच्या जागी नवा आयोग आला.

भानुमतीच्या सासूबाई, अंबूताई, तेव्हा पंचाहत्तरीच्या होत्या. भाजी निवडता निवडता त्यांनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "अय्यो! आपण पोरीला नांदायला पाठवली, तर इकडे सासरच मोडलं की गं."

"नियम तेच राहतात, अत्ते."

"सासू बदलली की नियम बदलतात, भानू. मला विचार."

मग वीस साल आलं. कॉलेज बंद झालं, जुलैमध्ये खास विमानाने मेघाश्री घरी आली आणि वरच्या खोलीत फोनवर शिकू लागली. कधी जेवतानाही तास चालू असायचा. "ते मेलेलं माणूस माझ्या ताटासमोर नको गं आणू," असं अंबूताई ओरडायच्या आणि मेघाश्री हसत फोन पालथा करायची. "अज्जी, ते लिव्हर आहे." "असू दे. माझी भेंडी आहे."

एकवीस सालच्या मे महिन्यात भानुमतीचा भाऊ गेला. किरणकुमार, सेहेचाळीस वर्षांचा. ॲम्ब्युलन्समध्ये तो स्वतःच्या पायांनी चढला होता. दार लावताना बहिणीला म्हणाला, "निळा शर्ट इस्त्री करून ठेव, सोमवारी ऑफिस आहे." पाचव्या दिवशी फोन आला. तोंड बघायला मिळालं नाही. निळा शर्ट इस्त्री होऊन कपाटात तसाच टांगलेला राहिला, आणि भानुमती आतून कुठेतरी बदलली. मेघाश्री कोपऱ्यावर दूध आणायला गेली तरी ती दारात उभी राहायची. मुलीला शिंक आली तर ही थर्मामीटर घेऊन धावायची.

अशात ऑक्टोबरात कॉलेजचं पत्र आलं. वर्ग पुन्हा भरणार. ज्यांना येणं शक्यच नाही त्यांनी तूर्त ऑनलाइन चालू ठेवावं, बाकीच्यांनी यावं.

मेघाश्री उडीच मारत खाली आली. बाराही जणांची तिकिटं एजंट एकत्र काढणार होता. व्हिसासाठी पासपोर्ट सोमवारी बेंगळुरूला पोचते करायचे होते. एजंटाचा कुरियरवाला घरोघर येऊन घेऊन जाणार होता. सोमवारी सकाळी मेघाश्री वर्षिणीबरोबर थंडीचे बूट आणायला बाजारात निघाली. जाताना तिने पासपोर्ट आईच्या हातात दिला. "आई, तो बारा वाजता येईल. त्याला हा दे, सही घे. विसरू नकोस हं."

"मी विसरते का कधी?"

तो दसऱ्यातला सोमवार होता. मूळ नक्षत्र होतं. त्या दिवशी घरातली पुस्तकं देवीपुढे मांडायची, सरस्वती बसवायची, आणि विजयादशमीला उठवेपर्यंत कुणी त्यांतलं एक पान उलटायचं नाही. ही त्या घराची रीत. शामसुंदरची नमुन्यांची वही, ते दोन लाकडी ठसे, मेघाश्रीची जाडजूड पुस्तकं, सगळं पाटावर रचून भानुमतीने हळद-कुंकू वाहिलं. हात जोडले. पासपोर्ट तिच्या डाव्या हातात होता.

तिने तो पुस्तकांवर ठेवला आणि त्याच्यावर एक शेवंतीचं फूल ठेवलं.

अंबूताई दारातून बघत होत्या. "तो काय पुस्तक आहे?"

"पानं आहेत ना त्याला, अत्ते."

"आज न्यायला येणार होते की कुणी?"

भानुमतीने फूल जरा मध्यावर सरकवलं. अंबूताईंनी तिच्या पाठीकडे थोडा वेळ पाहिलं आणि त्या आत गेल्या.

बारा वाजून दहा मिनिटांनी कुरियरवाला आला. फाटकाशी मोटारसायकल उभी करून त्याने हाक मारली. भानुमती बाहेर गेली आणि कन्नडमध्ये त्याला म्हणाली, की पूजेत बसलंय, आता हलवता येत नाही, शुक्रवारनंतर या. त्याला त्यात काही वाटलं नाही. मैसूरच्या दसऱ्यात असं ऐकायची त्याला सवय असणार. "आयतु, मॅडम," म्हणाला आणि गेला.

आपण हे का केलं, हे भानुमती स्वतःला पुढे निरनिराळ्या तऱ्हांनी सांगत राहिली. देवीपुढचं उचलायचं नसतं, हे एक. चार दिवसांनी काय बिघडतं, हे दुसरं. खरं ते एकच होतं. ॲम्ब्युलन्सचं दार लागताना तिने पाहिलं होतं, आणि आणखी एक दार तिला लावायचं नव्हतं.

मेघाश्री चार वाजता बुटांचा खोका घेऊन आली. "आला होता का गं तो?"

"नाही. आलाच नाही."

अंबूताई झोपाळ्यावर वाती वळत होत्या. त्यांचे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा चालू झाले.

मेघाश्रीने एजंटाला फोन लावला. एजंट म्हणाला माणूस पाठवला होता, ही म्हणाली आला नाही, आवाज चढले. पासपोर्ट दुसऱ्या दिवशी स्वतः बेंगळुरूला नेऊन देते, असं ती म्हणाली; पण व्हिसाचे कागद सोमवारी संध्याकाळीच गेले होते. अकरा मुलं गेली. वर्षिणीने विमानतळावरून फोटो पाठवला. पुढच्या गटाबरोबर जाऊ म्हणेपर्यंत नोव्हेंबर संपला आणि विषाणूच्या नव्या अवताराची बातमी आली. "जानेवारीत बघू," असं भानुमती म्हणाली. जानेवारीत "मार्चनंतर" म्हणाली. कॉलेजने ऑनलाइनची सवलत चालू ठेवली होती, हजेरी लागत होती, परीक्षाही फोनवर होत होत्या. बुटांचा खोका पलंगाखाली गेला. बावीसच्या ऑगस्टमध्ये मेघाश्री शेवटच्या वर्षासाठी परत गेली, तेवीसला पदवी घेऊन आली.

चाळणी-परीक्षेत ती पहिल्या खेपेला नऊ गुणांनी राहिली. चोवीसच्या जुलैमध्ये पास झाली. त्या दिवशी शामसुंदरने छापखाना दुपारीच बंद केला, मैसूरपाक आणला, आणि कुणाला न सांगता एक स्क्रीन तयार केली. पॅडची. डॉ. मेघाश्री शामसुंदर, एम.बी.बी.एस. खाली नोंदणी क्रमांक, पुढे दोन ठिपके, आणि मोकळी जागा.

"घाई कशाला केलीत?" भानुमती म्हणाली.

"अगं, नंबर आला की तेवढी एक पट्टी करायची. किती वेळ लागतोय!"

वेळ लागला. कौन्सिल आता राज्याची असो की वरचा आयोग, सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता: ह्या मुलांनी माणसाचं शरीर फोनवर किती शिकलं आणि हाताने किती. मेघाश्रीच्या पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के एका बाजूला आणि कॉलेजचं हजेरीपत्रक दुसऱ्या बाजूला ठेवून बेंगळुरूला कौन्सिलच्या खिडकीतल्या बाईंनी पेनने एक कंस काढला. सगळीकडे बंद होतं तेव्हाचं समजू शकतं, पण एकवीसचा ऑक्टोबर ते बावीसचा ऑगस्ट? वर्ग भरत होते, बाकीची मुलं हजर होती. न जाण्याचं कारण प्रतिज्ञापत्रावर लिहून आणा.

नोटरी प्राणेश ह्यांचं ऑफिस मैसूरच्या कोर्टाजवळ, एका जिन्याखाली. टेबलावर टाइप केलेला कागद त्यांनी मेघाश्रीपुढे सरकवला. तिनेच सांगितल्याप्रमाणे मजकूर होता: पासपोर्ट नेण्यासाठी नेमलेला कुरियर ठरलेल्या दिवशी आला नाही, त्यामुळे व्हिसा वेळेवर होऊ शकला नाही, यात माझा किंवा माझ्या कुटुंबाचा दोष नाही.

"छान आहे," मेघाश्री म्हणाली आणि तिने पेन उघडलं. "त्या माणसाचं नाव माहीत असतं ना, तर तेही घातलं असतं. तीन वर्षं शिव्या देतेय मी त्याला."

भानुमतीची नजर सवयीने खालच्या बारीक ओळीवर गेली. वरील मजकूर खोटा आढळल्यास नोंदणी नाकारण्यात किंवा रद्द करण्यात येईल, याची मला कल्पना आहे.

"थांब," ती म्हणाली.

"काय गं?"

"सही करू नकोस."

प्राणेश चष्म्यावरून बघू लागले. "काही चुकलंय का, अम्मा? बदलता येतं. कॉम्प्युटरच आहे."

"तो आला होता," भानुमती म्हणाली.

मेघाश्रीला समजलं नाही. "कोण?"

"कुरियरवाला. बारा वाजून दहा मिनिटांनी. मीच त्याला परत पाठवला. पासपोर्ट... मूळ नक्षत्र होतं. मी तो देवीपुढे ठेवला होता."

जिन्यावरून कुणीतरी धडधड खाली गेलं. मेघाश्री आईकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर अजून राग नव्हता. समोरचा माणूस दुसऱ्याच भाषेत बोलतोय अशासारखं काहीतरी होतं.

"चुकून ठेवलास?"

इथे एक दार होतं. हो म्हटलं असतं तर भागलं असतं. चुकून ठेवला आणि मग उचलायची भीती वाटली, कुणीही समजून घेतलं असतं. भानुमतीच्या जिभेवर ते आलंही होतं.

"नाही," ती म्हणाली. "तू जाऊ नयेस म्हणून."

मेघाश्रीने पेनाचं टोपण लावलं. ते नीट बसेना, म्हणून तिने ते दोनदा दाबलं. मग प्राणेशांना कन्नडमध्ये, अगदी शांतपणे म्हणाली, "सर, दुसरं टाइप करा. कौटुंबिक कारणामुळे मी गेले नाही. एवढंच."

"कौटुंबिक कारण म्हटलं तर ते काही सूट देणार नाहीत, बाळ," प्राणेश म्हणाले. "हे पहिलं होतं ते जास्त—"

"ते खोटं आहे ना, सर."

बसमध्ये ती खिडकीकडे बसली. अग्रहारचा चौक गेल्यावर तिने एकच विचारलं. "अज्जीला माहीत होतं?"

"हो."

"अप्पांना?"

"नाही."

"बरं," मेघाश्री म्हणाली, आणि घर येईपर्यंत आपल्या फाइलची दोरी गुंडाळत आणि सोडत राहिली.

त्या रात्रीपासून घरात कुणी ओरडलं नाही. शामसुंदरला कळल्यावर तो दोन दिवस छापखान्यातच जेवला, एवढंच. अंबूताईंनी सुनेला बाजूला घेतलं. "देवीच्या नावावर खपवलंस ना, ते मला आवडलं नव्हतं. पण मी पण गप्प बसले. मलाही ती घरात हवी होती, भानू." आणि मग त्यांचा नेहमीचा टोमणा आला, पण त्यात जोर नव्हता: "आता दोघी बसू या सरस्वतीपुढे. तिला तरी विचारू, तो पासपोर्ट वाचलास का म्हणून."

निर्णय आला तो पंचवीसच्या सुरुवातीला. तात्पुरती नोंदणी मिळेल. पण इंटर्नशिप एका वर्षाऐवजी दोन वर्षांची. कायमचा नंबर त्यानंतर. आणि इंटर्नशिपच्या जागांसाठी पुन्हा रांग होती. मे महिन्यात जागा मिळाली. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर सत्तावीसचा मे. मेघाश्री तेव्हा सत्तावीस वर्षांची असेल.

"फार नाही," शामसुंदर मुलीला म्हणाला. "दोन वर्षं म्हणजे काय!"

"नाही ना, अप्पा. आणि त्यांचं बरोबरच आहे," मेघाश्री म्हणाली. "फोनवर बघून मी कुणाचं पोट तपासलेलं नाही. शिकायला पाहिजेच."

भानुमती स्वयंपाकघरात होती. तिने हे शब्द ऐकले आणि तवा उतरवायचं विसरली. बरोबरच आहे. तोच आवाज होता. पिरियापट्टणच्या ओसरीवर ऐकलेला, तिच्या वडिलांचा.

ऑगस्टमध्ये वर्षिणी छापखान्यात आली. तिची एक वर्षाची इंटर्नशिप आटपली होती, नंबर आला होता, वडील तिला घराखालीच दवाखाना काढून देणार होते. ती पेढे घेऊन आली होती आणि तिला फार अवघडल्यासारखं झालं होतं. "काकू, दुसरीकडे छापलं असतं, पण अप्पा म्हणाले, तुम्हाला वाईट वाटेल."

"वेडी आहेस का? आण, नमुना आण."

भानुमतीने झेरॉक्स उजेडात धरली. आकडा आकडा बोटाने जुळवला. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग पुन्हा एकदा, कारण मधले दोन आकडे तिला नीट दिसत नव्हते. "बरोबर आहे," ती म्हणाली. "छापा हो." शामसुंदरने शाई ओतली. कोपऱ्यात भिंतीला टेकून दुसरी एक स्क्रीन उभी होती, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. वर्षिणीने तिकडे बघितलं नाही. पेढ्यांच्या डब्यातला एक पेढा तिने जाताना भानुमतीच्या तोंडात घातला आणि पाया पडली.

दसरा आला. मेघाश्रीची नेमणूक तेव्हा हुणसूरच्या पुढच्या एका खेड्यातल्या आरोग्यकेंद्रात होती, ग्रामीण भागातले दोन महिने. तिकडे तिने एक खोली घेतली होती. आठवड्याला एक फोन यायचा, तो वडिलांच्या फोनवर. आईशीही ती बोलायची. जेवलीस का, हो. पाऊस आहे का, थोडा. एकदा मात्र ती आपणहून म्हणाली होती, "इथे तंबाखूची ओली पानं खुडून बायका येतात, आई. ओकत. अज्जांकडे यायच्या म्हणायचीस ना, तसंच." भानुमतीला वाटलं, आता ही आणखी काही बोलेल. पण कुणीतरी पेशंट आला.

आयुधपूजेच्या दिवशी सकाळच्या बसने ती आली. दोन तासांसाठी, संध्याकाळी ड्यूटी होती. वाळली होती, केस कापले होते. घरात पाट मांडलेला होता. शामसुंदरची शाई ओढायची रबराची पट्टी, दोन ठसे, नमुन्यांची वही, स्कूटरची किल्ली. अंबूताई खुर्चीत बसून सूचना देत होत्या. त्यांना आता नीट दिसत नव्हतं, पण नातीच्या गळ्यातली काळी नळी त्यांना दिसली.

"मेघा, तुझं ते हत्यार ठेव की गं देवीपुढे. खरं हत्यार ह्या घरात तुझंच. उद्या विजयादशमी, उद्या उचलू."

मेघाश्रीचा हात स्टेथोस्कोपकडे गेला. तिने तो गळ्यातून काढला. भानुमती पाटाशी हळदीची वाटी घेऊन बसली होती. तिने मान वर केली, आणि क्षणभर मायलेकींची नजर एकमेकींवर टिकली. त्या नजरेत राग असता तर भानुमतीला तो पेलला असता. मेघाश्रीच्या डोळ्यांत फक्त सावधपणा होता. अनोळखी घरात माणूस आपली वस्तू कुठे ठेवतो ते लक्षात ठेवतं, तसा.

"नको, अज्जी," ती म्हणाली. "संध्याकाळी लागेल मला."

"अगं, नुसतं टेकव आणि घे. सुम्ने, उगीच एक फूल—"

"राहू दे, अत्ते," भानुमती म्हणाली. "बॅगेतच ठेव, मेघा. चेन लावून ठेव."

मेघाश्रीने स्टेथोस्कोप गुंडाळून बॅगेत ठेवला आणि चेन लावली. जेवायला बसली तेव्हा तिने बॅग खोलीत ठेवली नाही, खुर्चीच्या पाठीला अडकवली. पुरणाची होळिगे झाली, शामसुंदरने आग्रह करून दुसरी वाढली, अंबूताईंनी हुणसूरच्या मुलग्यांवरून चेष्टा केली आणि मेघाश्री हसलीसुद्धा. तूप वाढताना भानुमतीचा हात बॅगेला लागणार होता. तिने तो आवरला, आणि वळसा घालून पलीकडच्या बाजूने वाढलं.